‘गेलो होतो’चा घोळ

मराठीत पूर्ण भूतकाळ नाही म्हणून मुलं इंग्रजीत अडखळतात, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. उलट आपल्याकडे तो जास्तच सैल वापरला जातो. ‘काल पुण्याला गेलो होतो’ हे आपण सहज म्हणतो, म्हणून मुलं ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे’ लिहितात. तिथे साधं ‘वेन्ट’ पुरे. ‘हॅड गॉन’ लागतं ते भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधी काय झालं, हे सांगायला. ‘यूज्ड टू’ मात्र आपल्याला फुकटात मिळतं: ‘जायचो, करायचो’ म्हणा, झालं.

हे ‘करायचो’चं ‘यूज्ड टू’ मी बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांना शिकवत होतो. विषय दिला, गेल्या हंगामात तुम्ही काय करायचात. वहीत आलं ते असं: पहाटे उठून फडात जायचं, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे गोळा करायचे, मोळ्या बांधायला आईला हात द्यायचा, नाहीतर कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, धाकट्याला सांभाळत बसायचं. (‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, त्यांच्या नावावर. पोरांचं काम कुठल्याच हिशेबात धरत नाहीत.) एका सातवीतल्या पोराने सगळं वर्तमानकाळात लिहिलं होतं, ‘वी टाय, वी कॅरी’. मी लाल रेघ मारून ‘यूज्ड टू’ लिहिलं. तो म्हणाला, “सर, पण दिवाळी झाली की परत जायचंच आहे ना.”

रेघ खोडून काढली मी.