शहरात गार्ड आणि फेडरल एजंट उतरले की वस्तीने नेमकं काय करावं?

उन्मेष_इलिनॉय

शिकागोत आमच्या भागात शेजाऱ्यांचा गट उभा राहतोय. उत्साह भरपूर आहे, पण नॅशनल गार्ड (राज्यांचं राखीव लष्करी दल), आयसीई (फेडरल इमिग्रेशन अंमलबजावणी खातं), बॉर्डर पेट्रोल आणि शहराचे पोलीस यांची सगळ्यांच्या डोक्यात सरमिसळ झाली आहे. कोणाला काय अधिकार आहेत? व्हिडिओ कसा काढला तर कोर्टात टिकतो? आणि नगरपालिकेच्या पातळीवर खरंच काही हाती लागतं का? गटात एच-१बी आणि ग्रीन कार्डवाले बरेच आहेत, तेव्हा त्यांनी कुठवर पुढे व्हावं तेही सांगा. घोषणा नकोत, कामाचं हवं आहे.

वैदेही_क

आधी समोर कोण उभं आहे ते ओळखा, पुढचा सगळा मार्ग त्यावर ठरतो.

१८७८ च्या पॉसी कॉमिटेटस कायद्याने लष्कराला नागरी कायद्याच्या अंमलबजावणीत उतरायला मनाई आहे. राष्ट्राध्यक्षांनी गार्डला 'टायटल १०' (फेडरल कायद्याचा लष्कराविषयीचा भाग) खाली फेडरल ताब्यात घेतलं की ही मनाई गार्डलाही लागू होते. गार्ड गव्हर्नरच्या हाताखाली, 'टायटल ३२' मध्ये असेल तर होत नाही. मेम्फिसमध्ये गव्हर्नरनेच होकार दिला होता, म्हणून तिथली लढाई राज्याच्या कायद्यावर लढावी लागली. लॉस एंजेलिसमध्ये सुमारे ४,००० गार्ड आणि ७०० मरीन उतरवले, तेव्हा न्या. चार्ल्स ब्रेयर यांनी २ सप्टेंबर २०२५ ला या कायद्याचा भंग झाल्याचा निकाल दिला.

इलिनॉयचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २३ डिसेंबर २०२५ ला कोर्टाने गार्ड उतरवण्यावरची स्थगिती उठवायला नकार दिला. सरकारने ज्या कलमाचा आधार घेतला, त्यात 'नियमित दलांना' कायदा राबवणं जमत नसेल तर गार्ड बोलावता येतं; हे 'नियमित दल' म्हणजे बहुधा लष्करच, आणि लष्कराला जिथे कायदा राबवण्याचा अधिकारच नाही तिथे 'ते कमी पडलं' असं म्हणता येत नाही, असा तो मुद्दा. त्यानंतर आठवडाभराने शिकागो, पोर्टलंड आणि लॉस एंजेलिसमधून गार्ड मागे घेण्याची घोषणा झाली. पण इन्सरेक्शन ॲक्टचा (बंड मोडायला राष्ट्राध्यक्षांना देशात लष्कर वापरू देणारा कायदा) दरवाजा अजून उघडा आहे, गाफील राहू नका.

आयसीई आणि बॉर्डर पेट्रोल हे लष्कर नाही. अंगावर कितीही लष्करी सामान असलं तरी त्यांना पॉसी कॉमिटेटस लागू नाही. तिथे आपलं हत्यार म्हणजे पहिली (अभिव्यक्तिस्वातंत्र्य) आणि चौथी (अवाजवी झडती-अटकेपासून संरक्षण) घटनादुरुस्ती.

दारावर कोणी आलं तर दार न उघडता कागद खिडकीला लावायला किंवा फटीतून सरकवायला सांगा. वर 'यू.एस. डिस्ट्रिक्ट कोर्ट' किंवा राज्याच्या कोर्टाचं नाव, खाली न्यायाधीशाची सही, अचूक पत्ता आणि तारीख असेल तर ते न्यायालयीन वॉरंट. इमिग्रेशन खात्याचा फॉर्म आय-२०० (अटकेचा) किंवा आय-२०५ (हद्दपारीचा) असेल तर त्यावर खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते. तेवढ्यावर संमतीशिवाय घरात शिरता येत नाही, ही आजवरची मान्य समज. मात्र मे २०२५ च्या एका अंतर्गत टिपणात आयसीईने आय-२०५ वर जबरीने शिरता येतं असा दावा केला आहे. शिरलेच तर अंगाने अडवू नका, "माझी संमती नाही" एवढं मोठ्याने म्हणा आणि ते रेकॉर्ड होऊ द्या. अंगाने अडवलंत तर तुमच्यावरच फेडरल गुन्हा लागतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

नोंदवही

व्हिडिओबद्दल. इलिनॉयमध्ये कर्तव्यावरच्या पोलिसांचं सार्वजनिक जागी उघडपणे, आवाजासकट चित्रण करता येतं. सातव्या सर्किटचा, म्हणजे इलिनॉय ज्याखाली येतं त्या फेडरल अपील कोर्टाचा, २०१२ चा निकाल आहे. इतर राज्यांत अंतराचे नियम बघून घ्या. फ्लोरिडात २०२५ पासून इशारा मिळाल्यावरही अडथळा आणण्याच्या किंवा छळण्याच्या हेतूने २५ फुटांच्या आत गेलं तर गुन्हा आहे.

फोन आडवा धरा. सुरुवातीलाच तारीख, वेळ, चौक आणि तुम्ही कोणत्या दिशेला तोंड करून उभे आहात ते बोला. मग कॅमेरा हलवत सुटू नका. बॅज, खांद्यावरची पट्टी, नंबर प्लेट यांवर प्रत्येकी पाच-सहा सेकंद थांबा. मागे सरकायला सांगितलं तर सरका आणि "मी मागे सरतोय" हे ऐकू जाईल असं बोला. पुढे 'अडथळा आणला' असा आरोप झाला तर हे वाक्यच कामी येतं. बहुतेक व्हिडिओ फुकट जातात ते एकाच कारणाने: गोंधळ सुरू झाल्यावर रेकॉर्डिंग सुरू होतं. आधी काय घडलं तेच त्यात नसतं, आणि वाद नेमका त्याचाच असतो.

मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो आणि मूळ माहिती झडते. ड्राइव्हवर जशीच्या तशी चढवा, कापू नका, वर संगीत तर अजिबात नको. इतरांचे चेहरे झाकायचे असतील तर ते प्रतीवर, मूळ फाइलला हात लावायचा नाही. निघण्यापूर्वी चेहरा आणि बोटाने फोन उघडण्याची सोय बंद करून सहा अंकांपेक्षा मोठा पासकोड ठेवा. अटकेनंतरही फोन तपासायला वॉरंट लागतं, हा सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल आहे.

गटातला संदेश ठराविक साच्यात हवा: किती जण, काय करताहेत, कुठे, कोणता गणवेश, किती वाजता, काय साहित्य. "आयसीई आलंय, पळा" असा संदेश एकदा खोटा निघाला की पुढच्या दहा खऱ्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकीव हे वेगळं लिहायची शिस्त लावाच.

आणि ही मेहनत वाया जात नाही. शिकागोतल्या बळाच्या वापराच्या खटल्यात न्या. सारा एलिस यांनी अधिकाऱ्यांचं म्हणणं आणि व्हिडिओत दिसणारं जुळत नसल्याचं लेखी नोंदवलं. त्यांचा आदेश वरच्या कोर्टाने नंतर रोखला, पण ती नोंद पुसली गेली नाही. पोर्टलंडमध्ये न्या. कॅरिन इमरगट यांच्यासमोर वजन पडलं ते शहर पोलिसांच्या रोजच्या नोंदींचं: गार्ड बोलावण्याआधीच्या दिवसांत आंदोलक मूठभरच होते.

मृण्मयी.डी

व्हिसावाल्यांबद्दल स्पष्टच सांगते. १८ वर्षांवरील बिगर-नागरिकाने ग्रीन कार्ड किंवा आय-९४ (देशात आल्याची नोंद) जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे. गप्प राहण्याचा हक्क मात्र सगळ्यांना आहे. नागरिक नसताना "मी नागरिक आहे" हे चुकूनही म्हणू नका, त्या एका वाक्याने पुढचे रस्ते कायमचे बंद होऊ शकतात. दोषी ठरण्याआधी, नुसत्या अटकेवरही व्हिसा रद्द होऊ शकतो. म्हणून एच-१बीवाल्यांना पहिल्या रांगेत उभं करू नये. त्यांनी फाइली जपणं, वेळेची सारणी लावणं, सभांना अर्ज लिहिणं ही कामं घ्यावीत. त्यात कमीपणा नाही, खटले त्यावरच उभे राहतात. वकिलाचा नंबर दंडावर पक्क्या शाईने लिहा, फोन हातात राहीलच असं नाही.

नगर_सभा

नगरपालिकेकडून पुष्कळ मिळतं, फक्त मागणी बारीक हवी. फेडरल सरकार स्थानिक पोलिसांना आपल्या कामाला जुंपू शकत नाही, हे प्रिंट्झ खटल्यात १९९७ मध्ये ठरलं आहे. इमिग्रेशन कारवाईत स्थानिक पोलिसांच्या सहभागावर मर्यादा घालणाऱ्या इलिनॉयच्या २०१७ च्या ट्रस्ट ॲक्टचा पाया तोच. शिकागोच्या महापौरांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये शहराच्या मालकीचे पार्किंग लॉट वगैरे इमिग्रेशन कारवाईचे तळ म्हणून वापरायला मनाई केली. तुमच्या उपनगरात असा ठराव आहे का ते बघा.

मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण शिकागोजवळच्या ब्रॉडव्ह्यूचं. आयसीईच्या केंद्राबाहेर सार्वजनिक रस्त्यावर कुंपण घातलं गेलं. गाव भाषणांवर थांबलं नाही, अग्निशमनच्या गाड्यांचा रस्ता अडतो म्हणून दावा ठोकला. फेडरल न्यायाधीशांनी कुंपण काढायला लावलं.

आपल्याच पोलिसांच्या लष्करी साहित्याकडेही बघा. १०३३ कार्यक्रमात (लष्कराचं जादा साहित्य स्थानिक पोलिसांना देणारी फेडरल योजना) मिळालेलं सामान वर्षाच्या आत वापरात आणावं लागतं, म्हणून गरज नसतानाही चिलखती गाडी रस्त्यावर दिसते. कॅलिफोर्नियात २०२१ च्या एबी ४८१ या कायद्यानुसार अशा साहित्याचं धोरण सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी जाहीर करून नगरसभेची मंजुरी घ्यावी लागते. त्या धर्तीवर ठराव मागा.

उन्मेष_इलिनॉय

फार उपयोगी. एक राहिलं: फेडरल एजंटने गाडीची काच फोडली किंवा इजा केली तर भरपाई?

वैदेही_क

राज्याच्या पोलिसांवर चालतो तो 'कलम १९८३' खालचा (हक्कभंगाच्या भरपाईचा) दावा फेडरल एजंटवर चालत नाही, आणि थेट घटनात्मक भरपाईची वाट सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये जवळजवळ बुजवली. उरतो फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट, म्हणजे फेडरल सरकारकडे नुकसानभरपाई मागण्याचा कायदा. फॉर्म एसएफ-९५ घटनेपासून दोन वर्षांत त्या खात्याकडे पोचला पाहिजे. रकमेच्या रकान्यात ठाम आकडा घाला. "नंतर कळवू" लिहिलं की दावा बाद. खात्याला सहा महिने मिळतात, नकार आला तर पत्राच्या तारखेपासून सहा महिन्यांत कोर्टात जावं लागतं. काचेचं बिल, डॉक्टरची चिठ्ठी आणि मूळ व्हिडिओची प्रत सोबत जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय पाठवू नका.