पेट स्कॅनमध्ये गाठ उजळली म्हणजे कर्करोगच का?

प्रश्न: माझ्या वडिलांच्या (वय ६२, पूर्वी धूम्रपान) सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात ११ मिलिमीटरची घन गाठ आढळली असून पेट स्कॅनमध्ये ती उजळली आहे. हा कर्करोगच समजावा का?

उत्तर १: एवढ्यावरून तसे समजू नये. पेशी किती ग्लुकोज शोषतात हे पेट स्कॅन दाखवतो, आणि क्षयाच्या गाठीतील दाहपेशीही ते भरपूर शोषत असल्याने आपल्या देशात हा घोळ वारंवार होतो. सीटीत गाठीच्या मध्यभागी कॅल्शियम किंवा आत चरबी दिसली, तर ती बहुधा निरुपद्रवी असते; काटेरी कडा मात्र संशय वाढवतात.

उत्तर २: जुना सीटी असल्यास कृपया आधी तो शोधा, कारण तुलनेइतकी मोलाची माहिती दुसरी नाही. कर्करोगाच्या घन गाठीचे आकारमान बहुधा १०० ते ४०० दिवसांत दुप्पट होते, पण तेव्हा व्यास जेमतेम ११ वरून १४ मिलिमीटर होतो, म्हणून मोजमाप काटेकोर हवे.

प्रश्नकर्ता: तीन वर्षांपूर्वीचा सीटी सापडला, त्यात ही गाठ नाही.

उत्तर १: मग ती नवी आहे. वय आणि धूम्रपान पाहता थांबू नका, बायोप्सीबद्दल फुफ्फुसतज्ज्ञांशी याच आठवड्यात बोला आणि क्षयाच्या तपासणीसाठीही नमुना पाठवण्यास सांगा.