रॉबिन म्हणजे दयाळ नव्हे

काही वाचक म्हणतात की निसर्गावरची अनुवादित पुस्तकं पन्नास पानांनंतर नीरस वाटतात, त्यापेक्षा विज्ञानकथा बऱ्या. दोष बहुतेक वेळा मूळ पुस्तकाचा नसतो, नावांच्या भाषांतराचा असतो. इंग्लंडमधल्या बागेतला रॉबिन मराठीत सर्रास 'दयाळ' होतो. तो रॉबिन तांबूस-नारिंगी छातीचा, आपला दयाळ काळा-पांढरा. मग 'छातीवर निखारा' असं वाक्य आलं की वाचणारा गोंधळणारच! अशा ठिकाणी रॉबिनच ठेवावा आणि पहिल्यांदा येतो तिथे रंग-आकाराची एक ओळ द्यावी. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दिसणारा चिरक, म्हणजे इंग्रजीतला 'इंडियन रॉबिन', हा आणखी वेगळा पक्षी: नर काळा, खांद्याजवळ पांढरा पट्टा, उभारलेल्या शेपटीखाली तांबूस पिसं. पुस्तक वाचताना शास्त्रीय नाव समासात लिहून ठेवा, घोळ तिथेच मिटतो.

विज्ञानकथेत मी आधी आकडे पाहतो. चाकासारखं स्वतःभोवती फिरणाऱ्या यानात पृथ्वीइतकं वजन जाणवायला, मिनिटाला २ फेऱ्या धरल्या तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. दहा मीटर त्रिज्येच्या चाकात तेवढ्यासाठी मिनिटाला साडेनऊ फेऱ्या होतील, आणि नुसती मान वळवली तरी गरगरेल. हे सांभाळणारा लेखक पुढेही विश्वासाचा ठरतो.

अद्भुतकथेत एवढंच बघा, घोडे न दमता दिवसभर चौखूर उधळत असतील तर नकाशावरच्या अंतरांना अर्थ नाही, तो नुसता शोभेचा आहे.