रतनवाडीच्या वाटांविषयी थोडी भर

पावसाळ्यात भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीला मुक्काम करून कोणत्या वाटा चालाव्यात, या प्रश्नावर सांदण दरी आणि कळसूबाई अशी दोन नावे सुचवली गेली आहेत. त्यांपैकी सांदण दरी या दिवसांत पूर्णपणे वगळावी, कारण साम्रदजवळची ती अरुंद घळ म्हणजे पाण्याचीच वाट असून वरच्या पठारावर सर कोसळली की आत अडकलेल्या माणसाला बाजूला सरकायलाही जागा उरत नाही. कळसूबाईसाठी (१६४६ मीटर) बारी गावी जावे लागते. तिथल्या लोखंडी शिड्यांवर रविवारी उसाची मोळी बांधावी तशी गर्दी असते, म्हणून आडवार निवडावा.

माझ्या मते रतनवाडीचे खरे वैभव रतनगडाची वाट हेच आहे. अमृतेश्वर मंदिराजवळून निघालेली ही वाट उगमाजवळच्या प्रवरेचे पात्र पुन्हा पुन्हा ओलांडत दाट रानात शिरते. तिथेच एक फाटा कात्राबाईच्या खिंडीतून हरिश्चंद्रगडाकडे जातो आणि धुक्यात तो हमखास फसवतो. त्यामुळे गावातला वाटाड्या घ्यावाच. शेवटच्या शिड्या ओल्या असताना एका वेळी एकानेच चढावे. माथ्यावरच्या नेढ्यात (खडकाला पडलेल्या आरपार भोकात) वारा इतका भणाणतो की उभे राहणे कठीण होते, मात्र ढग विरळ झाले की १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा (म्हणजेच भंडारदरा धरणाचा) जलाशय खाली पसरलेला दिसतो.

ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर मंदिर, पुष्करणी आणि जलाशयाकाठचा सपाट रस्ता एवढे पुरे.