लंडन-ब्रायटन सायकल राईड: अंतराचं नाही, गर्दीचं टेन्शन आलंय

स्लाउचा_पेडलमास्तर

नमस्कार मंडळी, ऑफिसमधल्या टोळक्याने जूनमधल्या ब्रिटिश हार्ट फाउंडेशनच्या (हृदयरोगाच्या संशोधनासाठी देणग्या जमवणारी संस्था) लंडन टू ब्रायटन राईडला नावं नोंदवली आणि हो हो करत मी पण पैसे भरून बसलो. क्लॅपहम कॉमन ते ब्रायटनचा समुद्रकिनारा, ५४ मैल, म्हणजे ८७ किमीच्या आसपास. रिचमंड पार्कात रविवारी फेऱ्या मारतो, एक फेरी पावणेअकरा किमीची पडते, त्यामुळे अंतर जमेल असं वाटतंय. पण व्हिडिओ बघितले तर सगळीकडे माणसंच माणसं, कोण टांगेवाल्यासारखा मधोमध चाललाय, कोण गप्पा मारत तिघं एका ओळीत, एवढ्या गर्दीत मी कधीच चालवलेली नाहीये. दुसरं म्हणजे तो शेवटचा डिचलिंग बीकनचा चढ. लोक एवढं घाबरवतात ते खरंच आहे का? आणि परत कसं यायचं? साधी हायब्रिड सायकल आहे, क्लिपवाले (बूट अडकवायचे) पेडल घ्यावेत असा एक मित्र मागे लागलाय.

बीकनवीर

पहिल्यांदा क्लिपचं सांगतो, घेऊ नको. निदान या राईडसाठी तरी नाही. इथं वेग तुझ्या हातात नसतो, चढावर पुढचा थांबला की मागचे सगळे जागच्या जागी थांबतात, आणि त्या क्षणी पाय बाहेर काढायची सवय नसेल तर माणूस उभाच्या उभा आडवा होतो आणि बरोबर शेजारच्याला पण घेऊन जातो. साधे पेडल, चांगले बूट, विषय संपला.

गर्दीचं म्हणशील तर एकच गोष्ट डोक्यात ठेव, तुझं पुढचं चाक कधीही दुसऱ्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला नेऊन ठेवायचं नाही. तो जरा जरी खड्डा चुकवायला हलला तरी पडणार तू, तो नाही. बाकी मग सरळ रेषेत चालवायचं, एकदम ब्रेक दाबायचा नाही, थांबायचं असेल तर हात दाखवून हळूहळू डावीकडे सरकत रस्त्याच्या पार बाहेर जाऊन थांबायचं. पाण्याची बाटली काढायला, फोटो काढायला, टोळक्यातल्या मागं राहिलेल्याची वाट बघायला लोक रस्त्यातच उभे राहतात, खरा वैताग त्यांचा. ओव्हरटेक उजवीकडूनच, आणि "ऑन युअर राईट" असं मोठ्यांदा ओरडायचं, लाजायचं नाही. घंटी असेल तर उत्तमच.

लंडनमधला पहिला भाग, टूटिंग मिचमकडचा, सगळ्यात कंटाळवाणा. सिग्नलला सगळे गोळा होतात, सुटतात, परत गोळा होतात. सगळे रस्ते बंद करतात अशा समजुतीत राहू नको, काही भागात गाड्या चालू असतात. शहर सुटलं, चिपस्टेडच्या पुढं गेलास की मग रस्ता अरुंद होतो पण झाडी सुरू होते आणि मजा येते. पुढं टर्नर्स हिलच्या चढावर परत कोंडी. तिथं चिडचिड करून उपयोग नाही, तिथं गावात खायचे स्टॉल लागतात, सरळ उतरून काहीतरी खा.

चेन_उतरली

टांगेवाला 😂😂 बरोबर शब्द. बाकी बीकनवीर यांच्याशी सहमत. फक्त मधोमध तीन-तीन जण जाणारे नेहमी नव्या टीशर्टातले ऑफिसवालेच असतात, तेव्हा पेडलमास्तर आपल्या टोळक्याला आधी समजावा.

हॅरोची_माई

मी वयाच्या पन्नाशीनंतर केलीय, तेव्हा जरा धीर देते. बीकनचं घाबरवतात ते अर्धं खरं आहे. चढ दीडेक किलोमीटरचाच आहे, पण सरासरी ९ टक्के आणि मध्येमध्ये १६ च्या घरात जातो, वळणावर वळण, वर झाडी, पुढचं काही दिसत नाही. पुण्याचे लोक म्हणतात आम्ही सिंहगड चढलोय हे काय. अरे पण सिंहगडाला तू सकाळी ताज्या पायाने जातोस आणि रस्ता बऱ्यापैकी तुझा असतो. इथं तो चढ ७० किमी उलटून गेल्यावर येतो आणि तुझ्यापुढं शंभर माणसं सायकल ढकलत चाललेली असतात. १९९४ मध्ये टूर द फ्रान्स इंग्लंडात आली होती तेव्हा तिलाही या बीकनवरून नेलं होतं, तेव्हा उतरून चाललात तर कमीपणा अजिबात वाटून घेऊ नका. बहुतेक जण चालतातच. चालणाऱ्यांनी डावीकडे राहायचं, चढवणाऱ्यांना उजवी बाजू मोकळी ठेवायची, एवढं पाळलं की झालं.

चढवायचाच असेल तर चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर हलका करून घ्या. मध्ये जोर लावताना बदलायला गेलात की चेन खडखड करते नाहीतर उतरते. सराव करायला बॉक्स हिल सगळे सांगतात, पण तो चढ लांब आणि सौम्य आहे, त्याच्या भरवशावर राहू नका.

वर पोचलात की समुद्र दिसतो आणि आता झालंच असं वाटतं, आणि तिथंच लोक पडतात. उतारावर हात दुखलेले, ब्रेक पॅड झिजलेले, आणि गर्दी तशीच. आठवडाभर आधी ब्रेक तपासून घ्या. पंक्चरसाठी ट्यूब, लिव्हर, पंप जवळ ठेवा. वाटेत मेकॅनिक असतात पण तिथंही रांग लागते.

एका गोष्टीत मात्र माझं मत वेगळं. बरेच जण निघायला पहाटेची सहाची वेळ घ्या म्हणतात. तुम्ही हळू चालवत असाल तर नका घेऊ. पहाटे वेगवाले असतात, ते सारखे उजवीकडून सूं सूं जातात आणि नवख्या माणसाची घाबरगुंडी उडते. मधली वेळ घ्या.

बीकनवीर

माई, इथं मी नाही मानणार 🙂 मधल्या वेळेत निघालं की टर्नर्स हिल आणि बीकन दोन्हीकडे भर गर्दीत पोचतो माणूस. वेगवाले तासाभरात पुढं निघून जातात, मग रस्ता मोकळा मिळतो. शिवाय जूनचं ऊन, दुपारी बीकनवर सावली असली तरी आधीच्या पट्ट्यात भाजून निघतो.

हॅरोची_माई

इंग्लंडचं ऊन ते 😀 बरं, पेडलमास्तर तुम्हीच ठरवा.

स्लाउचा_पेडलमास्तर

ऑफिसने आठ वाजताची घेऊन ठेवलीय, त्यामुळे तो वाद माझ्यापुरता मिटला. धन्यवाद दोघांनाही, क्लिपचा नाद सोडला. आता देणग्यांचं कुणी सांगा ना. पेज बनवलंय, व्हॉट्सॅपवर नातेवाईकांच्या ग्रुपात टाकलं तर भारतातून काका मामा पण देतो म्हणतायत. चालतं का? आणि खरं सांगायचं तर पैसे मागायला जरा अवघडल्यासारखं होतंय.

मिल्टनकीन्सकर

भारतातून दिलेले पैसे चालतात, फक्त गिफ्ट एडच्या खोक्यात टिक करू नका म्हणावं. गिफ्ट एड म्हणजे देणारा इथं टॅक्स भरत असेल तर प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स वर देतं, २० पौंड दिले तर संस्थेला २५ मिळतात. काका इथं टॅक्स भरत नाहीत म्हटल्यावर त्यांनी ते खोकं रिकामं सोडायचं. तुमचे इथले मित्र मात्र हमखास विसरतात, त्यांना आठवण करा. आणि कंपनीत एचआरला विचारा, बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने जमवलेल्या रकमेएवढी भर घालतात. नोंदणीची फी आणि देणगी वेगळी, फी भरली म्हणजे झालं असं समजू नका.

अवघडायचं म्हणाल तर मी मेसेजमध्ये सरळ लिहिलं होतं की आपल्या दक्षिण आशियाई लोकांना हृदयविकार आणि मधुमेह दोन्हीचा धोका इथल्या गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे, इथले डॉक्टर पुढच्या १० वर्षांचा धोका काढतात त्या हिशोबातसुद्धा वंश विचारतात. आमच्या ग्रुपात तर घराघरात कुणाची ना कुणाची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे फार समजवावं लागलंच नाही. ही संस्था १९६१ पासून हृदयविकारावरच्या संशोधनाला पैसा पुरवतेय. शिवाय राईड बहुतेक वेळा फादर्स डेच्या रविवारी येते, वडिलांच्या नावाने मागितलेत तर कोण नाही म्हणणार.

चेन_उतरली

परतीचं कुणीच सांगितलं नाही! ट्रेनच्या भरवशावर राहू नका. राईडच्या दिवशी ब्रायटनकडून लंडनला येणाऱ्या गाड्यांत फोल्डिंग सोडून सायकल चढवू देत नाहीत. आयोजकांची सोय असते, सायकल ट्रकमध्ये आणि तुम्ही बसमध्ये, पण ते तिकीट आधीच काढावं लागतं आणि भरतं. नाहीतर घरच्यांना गाडी घेऊन बोलवा, फक्त मडेरा ड्राइव्हच्या फिनिशला गाडी न्यायचा विचार करू नका, शहराच्या जरा बाहेर कुठंतरी भेटायचं ठरवा.

स्लाउचा_पेडलमास्तर

अरे बापरे हे माहीतच नव्हतं, बसचं आत्ताच बघतो. बायको म्हणतेय तीच येते मुलांना घेऊन, त्यांचं बीचवर फिरणं पण होईल. तिला विचारलं तर म्हणाली डब्यात मेथीचे ठेपले देते, चालतील ना सायकलवर?

हॅरोची_माई

पळतील. फक्त तेलकट हाताने ब्रेक धरू नका, आणि लोणचं आणू नका, जर्सीचा मागचा खिसा कायमचा पिवळा होतो.