वर्धा नदी ही वऱ्हाडची सरहद्द केव्हापासून?

प्रश्न (आर्वी तालुका)

आमचे गाव वर्धा नदीच्या पूर्व काठावर असून पलीकडे अमरावती जिल्हा लागतो. दोन्हीकडे तीच काळी जमीन, तीच कपाशी आणि तूर, आणि सोयरिकीही नदी ओलांडूनच होत आल्या आहेत. तरीही वडीलधारी मंडळी पलीकडे जायचे म्हणजे अद्याप ‘वऱ्हाडात जायचे’ असेच म्हणतात. मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी पूर्वापार सीमा होती, की ती कोणी ठरवून दिली?

उत्तर १

ती ठरवून दिलेली आहे. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यात (प्रांतात) पवनार हे सरकार, म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, होते, आणि पवनार तर आपल्या वर्धा जिल्ह्यात, धाम नदीच्या काठी आहे. म्हणजे त्या काळी वऱ्हाड नदीपाशी संपत नव्हते. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले या दोघांचाही वसूल वऱ्हाडातून होऊ लागला. अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतर १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख सोडला व तो निजामाकडे गेला. मात्र गाविलगड, नरनाळा आणि लगतचा काही प्रदेश भोसल्यांकडेच राहिल्यामुळे रेषा स्वच्छ नव्हती. १८२२ च्या तहात प्रदेशांची अदलाबदल झाली, तेव्हा कुठे वर्धा ही वऱ्हाडची पूर्वसीमा म्हणून पक्की झाली.

उत्तर २

वरील माहिती योग्य आहे, परंतु सरहद्द लोकांच्या मनात इतकी खोल का रुजली, हे केवळ तहांनी उलगडत नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, त्यामुळे दोन्ही काठांवर एकाच सत्तेचा अंमल सुरू झाला. तरीही वऱ्हाड हैदराबादच्या रेसिडेंटाकडे (निजामाच्या दरबारातील इंग्रज प्रतिनिधीकडे) राहिले, तर नागपूरकडचा भाग १८६१ मध्ये मध्य प्रांतात गेला. दोहोंचा कारभार एकत्र आला तो १९०३ मध्ये. माझ्या मते खरा फरक शेतसाऱ्याचा होता. पश्चिमेकडे रयतवारी असल्याने शेतकरी आपला सारा थेट सरकारात भरत असे, आणि पूर्वेकडे गावोगावी सारा वसूल करून सरकारात भरणारा मालगुजार मध्ये असे. एकाच नदीचे पाणी पिणाऱ्या दोन गावांतील कुळाची पत त्यामुळे वेगळी ठरत होती. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, त्यामुळे वृद्धांच्या बोलण्यात ती सीमा अजून जिवंत असल्यास नवल नाही.

उत्तर ३ (राजुरा)

खालच्या अंगाला या नदीचा इतिहास निराळा आहे, तोही येथे नोंदवावासा वाटतो. वढा येथे पैनगंगा वर्धेस मिळते; त्या संगमाखाली नदीपलीकडचा आमचा राजुरा तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे बल्लारपूरकडे जायला नदी ओलांडली, की संस्थान संपून मध्य प्रांत लागत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यास जोडला गेला, तेव्हा येथे नदीचे सीमापण संपले. आणखी खाली गेल्यावर मात्र हीच वर्धा महाराष्ट्र व तेलंगणा यांच्यामधून वाहते, आणि वैनगंगेला मिळून प्राणहिता झाल्यावरही ते काम सोडत नाही.