नक्षी शाबूत म्हणजे टायर चांगला?

टायरवरच्या खाचांची नक्षी शाबूत आहे तोवर टायर बदलायचं कारण नाही, असं म्हणतात. अर्धंच पटलं. खाचांच्या तळाशी १.६ मिमी उंचीचे छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की टायर बाद, हे खरं. पण कमी चालणाऱ्या गाडीचं रबर झिजायच्या आधीच म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर 'डीओटी' अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. आकड्यांसह हा पूर्ण कोड बऱ्याचदा एकाच बाजूला असतो, त्यामुळे बाहेरून दिसला नाही तर गाडीखाली डोकं घालावं लागतं. (कपडे जुने घाला.) बाजूला फुगवटा किंवा खोल भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, टायर काढाच. डिकीतल्या स्टेपनीलाही हेच लागू.

आणि दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागे बसवा, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळत असली तरी. बरेच जण उलट करतात. ओल्या रस्त्यावर पुढचं घसरलं तर वेग कमी करून बहुतेकदा सावरता येतं. मागचं सुटलं की गाडी गर्रकन फिरते.